मेडिकेअरचं डिमांड लेटर आलंय? १२० दिवसांच्या भरवशावर राहू नका

प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. न्यू जर्सीत तुमचं स्वतःचं फिजिओथेरपी क्लिनिक आहे, तुम्ही, एक पीटीए म्हणजे फिजिओथेरपी असिस्टंट आणि फ्रंट डेस्क, बिलिंग पुण्यातल्या कंपनीकडे. मेडिकेअरच्या, म्हणजे इथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, युपिकनं (फ्रॉड बघणारा कॉन्ट्रॅक्टर) मागे तीस क्लेम्सचे चार्ट मागवले, तुम्ही ते पाठवले, मग बरेच महिने काहीच नाही, आणि आता मॅककडून, म्हणजे मेडिकेअरचे क्लेम्स हाताळणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडून, दोन लाख ऐंशी हजार डॉलर्स परत मागणारं डिमांड लेटर. पत्रात अपिलाला १२० दिवस लिहिलेत म्हणून भाचीच्या लग्नाला भारतात जाऊन यायचं आणि मग वकील शोधायचा असा तुमचा बेत आहे. मिस्टर म्हणतायत की हप्ते बांधून भरून टाकू, सरकारशी कोण भांडत बसणार. आणि एका मैत्रिणीनं सुचवलंय की ज्या नोट्स अपुऱ्या आहेत त्या आता नीट करून अपिलाला जोडायच्या.

तिन्ही नको. शेवटचं तर अजिबातच नको. का ते सांगतो, जरा लांबण लागेल. मी इथे हेल्थकेअर लॉ करतो, बरीच वर्षं झाली, आणि क्लायंट्समध्ये आपले पीटी म्हणजे फिजिओथेरपिस्ट, घरी जाऊन सेवा देणारे होम हेल्थवाले, छोट्या प्रॅक्टिसचे डॉक्टर भरपूर आहेत. हे सगळं सर्वसाधारण आहे, तुमची फाइल मी बघितलेली नाही हे धरूनच वाचा.

पहिलं म्हणजे ते १२० दिवस. ते खरे आहेत, अपिलाची पहिली पायरी, जिला रीडिटर्मिनेशन म्हणतात, तिची मुदत १२० दिवसच आहे. पण ती मुदत फक्त अपिलाचा हक्क जिवंत ठेवते, तुमचे पैसे वाचवत नाही. पैसे वाचवणारी मुदत वेगळी आहे आणि ती तीस दिवसांची आहे. २००३ च्या मेडिकेअर मॉडर्नायझेशन ॲक्टच्या कलम ९३५ नं ही तरतूद आली, की तुम्ही अपील केलंत तर पहिल्या दोन पायऱ्या संपेपर्यंत मेडिकेअरला तुमच्या चालू पेमेंट्समधून वसुली करता येत नाही. नियमाप्रमाणे वसुली डिमांड लेटरच्या तारखेपासून एक्केचाळिसाव्या दिवसापासून सुरू होऊ शकते, आणि ती सुरूच होऊ द्यायची नसेल तर तुमचा अर्ज तिसाव्या दिवसापर्यंत मॅकच्या हातात पडलेला पाहिजे. पोस्टात टाकलेला नाही, पडलेला. म्हणजे पोर्टलवरून अपलोड करा आणि त्याची पावती सेव्ह करा, किंवा ट्रॅकिंग असलेल्या कुरियरनं पाठवा. आणि दिवस मोजायचे ते पत्रावरच्या तारखेपासून, तुम्ही पाकीट उघडलंत त्या दिवसापासून नाही. पत्र ३ तारखेचं, क्लिनिकला पोचलं ११ ला, फ्रंट डेस्कच्या ट्रेमध्ये इन्शुरन्सच्या बाकी कागदांखाली २० तारखेपर्यंत पडून, हे इतक्या वेळा होतं की नवीन क्लायंट आला की मी आधी पाकीटच मागतो.

तीस दिवस हुकले आणि पन्नासाव्या दिवशी अपील केलंत तरी पुढची वसुली थांबते, पण तोवर जे कापून घेतलं ते जिंकेपर्यंत परत येत नाही. तुमच्यासारख्या क्लिनिकचे निम्म्याहून जास्त पेशंट मेडिकेअरचे असले तर दोन-तीन आठवड्यांची कपातसुद्धा पगार अडकवते. व्याजाचंही तसंच आहे, तीस दिवसांत पैसे भरले नाहीत तर ते लागायला लागतं आणि वसुली थांबलेली असली तरी व्याज थांबत नाही, हा भाग लोकांना कोणी सांगत नाही. पत्रात अजून एक पंधरा दिवसांची रिबटलची संधी दिलेली असते, म्हणजे वसुली का करू नये याचं निवेदन, तर ते द्यायला हरकत नाही पण ते अपील नव्हे, ते दिलं म्हणून घड्याळ थांबत नाही, आणि ते देऊन निर्धास्त बसलेले लोक मी बघितलेत.

हीच गंमत दुसऱ्या पायरीवर परत आहे. रीडिटर्मिनेशनचा निकाल विरोधात गेला, आणि मॅकनं स्वतःचाच हिशेब तपासायचा असल्यामुळे बहुतेक वेळा जातोच, की पुढे क्यूआयसी म्हणजे स्वतंत्र कॉन्ट्रॅक्टरकडे रीकन्सिडरेशन. त्याला पत्रात १८० दिवस लिहिलेले असतील, पण वसुली थांबलेलीच ठेवायची तर साठ दिवसांत. क्यूआयसीचाही निकाल विरोधात गेला की मग कवच संपलं, पुढे एएलजेकडे म्हणजे प्रशासकीय न्यायाधीशाकडे अपील चालू असलं तरी मेडिकेअर वसूल करू शकतं. तिथे जिंकलात तर पैसे व्याजासकट परत मिळतात, पण मधला काळ तुम्हालाच काढायचा असतो. हप्त्यांची सोय, एक्स्टेंडेड रीपेमेंट शेड्यूल, ही तिथे कामाला येते, आर्थिक अडचण दाखवता आली तर साठ महिन्यांपर्यंत मिळू शकते. म्हणजे मिस्टरांचं म्हणणं टाकाऊ नाही, फक्त ते आत्ता करायचं नाही.

तर लग्नाला जा, पण वकील आधी करून जा. तीस दिवसांत सगळे पुरावे जमणार नाहीत, ठीक आहे, मुख्य मुद्दे लिहून अर्ज घाला आणि राहिलेले कागद मागाहून द्या, प्रत्येक वेळी मॅकला निकालासाठी चौदा दिवस वाढवून मिळतात एवढंच. उलट घाईचा एक तोटा आहे तोही सांगून ठेवतो. मॅक साठ दिवसांत निकाल देतो आणि मग पुढचे साठ दिवस सुरू होतात, आणि क्यूआयसीपर्यंत जे कागद दिले नाहीत ते पुढे एएलजेकडे सहसा घेत नाहीत, सबळ कारण दाखवावं लागतं आणि 'आम्हाला माहीत नव्हतं' हे सबळ कारण धरत नाहीत. म्हणजे क्यूआयसीचा दिवस हा तुमच्या पुराव्याचा शेवटचा दिवस समजा. त्या आत स्टॅटिस्टिशियनचा रिपोर्ट, पीटी एक्स्पर्टचं मत, रेफर करणाऱ्या डॉक्टरांची पत्रं, सगळं आत गेलं पाहिजे.

आता रकमेकडे येऊ, कारण खरी लढाई तिथे आहे. तुम्ही लिहिलंय की तीस क्लेम्समध्ये मिळून नाकारलेले पैसे जेमतेम तीन हजार डॉलर्स आहेत, मग दोन लाख ऐंशी हजार कुठून आले. ते एक्स्ट्रापोलेशन. तुमचे त्या काळातले साधारण साडेतीन हजार क्लेम्स, त्यातले तीस उचलले, तिथली चूक सगळ्यांवर पसरवली आणि मग नव्वद टक्के कॉन्फिडन्सची खालची मर्यादा, म्हणजे अंदाजातली अनिश्चितता वजा करून येणारा कमीतला आकडा, धरून मागणी काढली. याचा अर्थ सॅम्पलमधला एकेक क्लेम हा शंभरावर क्लेम्सच्या वतीनं बोलतोय. शंभर डॉलर्सचा एक क्लेम तुम्ही सोडवलात तर मागणी दहा-बारा हजारांनी खाली येते. म्हणून 'एवढ्याशा क्लेमसाठी काय भांडायचं' हे वाक्य या प्रकरणात बोलायचंच नाही.

कायदा एक्स्ट्रापोलेशन वाटेल तेव्हा करू देत नाही. एक तर चुकांचं प्रमाण सतत किंवा मोठं असलं पाहिजे, नाहीतर तुम्हाला आधी शिकवूनही सुधारणा झाली नाही याची नोंद पाहिजे. मेडिकेअरच्या मॅन्युअलनुसार पन्नास टक्के किंवा वर एरर रेट असला की तो मोठा समजतात. वाईट भाग असा की 'प्रमाण मोठं आहे' हा त्यांचा निष्कर्ष कोर्टातसुद्धा तपासता येत नाही, संसदेनं म्हणजे इथल्या काँग्रेसनंच ते दार बंद करून ठेवलंय. पण सॅम्पल कसा काढला, गणित बरोबर आहे का, हे पूर्ण उघडं आहे, आणि तिथे चुका सापडतात. त्यांनी सॅम्पल परत काढून बघता येईल इतकी माहिती दिलीच पाहिजे, म्हणजे सगळ्या क्लेम्सची मूळ यादी, रँडम नंबर कुठून आले, ते ज्या आकड्यापासून काढले ते सीड, आणि हिशेब कुठल्या सॉफ्टवेअरनं केला त्याचं आउटपुट. बहुतेक वेळा रॅट-स्टॅट्स नावाचं सरकारी सॉफ्टवेअर असतं, फुकट मिळतं, तुमचा स्टॅटिस्टिशियन तेच चालवून बघेल. हे सगळं लेखी मागा, आजच. तुमच्याकडे याआधी टीपीई झालं होतं का, म्हणजे वीस ते चाळीस क्लेम्स बघून शिकवणीचा कॉल लावतात ते, तेही शोधा. झालं असेल आणि तुम्ही पास झाला असाल तर ते पत्र सोन्यासारखं आहे. नापास होऊन विसरून गेला असाल तर तेही वकिलाला आधीच सांगा.

मग एकेक क्लेम. हे कंटाळवाणं काम आहे आणि ते तुम्हालाच करावं लागेल, कारण पीटी तुम्ही आहात, मी नाही. रिव्ह्यूअरचं नाकारण्याचं कारण एका बाजूला आणि चार्ट दुसऱ्या बाजूला ठेवून बसा. सगळ्यात जास्त जे दिसतं ते असं, की रिव्ह्यूअरनं लिहिलंय 'टाइम्ड कोड्सची मिनिटं नोंदलेली नाहीत', म्हणजे मिनिटांवर बिल होणाऱ्या उपचारांची, आणि तुम्ही म्हणताय आम्ही तर रोज लिहितो. दोघंही खरं बोलत असतात. ईएमआरमधून, म्हणजे चार्टच्या सॉफ्टवेअरमधून, डेली नोट प्रिंट केली की फ्लोशीट, म्हणजे कुठला उपचार किती वेळ दिला तो तक्ता, त्यात येत नाही, ती वेगळ्या टॅबमध्ये असते, मिनिटं तिथे आणि कधीकधी सहीचं पानही तिथेच, आणि चार्ट पाठवताना फ्रंट डेस्कनं एकच बटण दाबलेलं असतं. फ्लोशीट काढून जोडली की क्लेम सुटतो, इतकं साधं. मिनिटांवरून बिलाची युनिट्स ठरवणारा आठ मिनिटांचा नियम तुम्हाला माहीतच आहे, २३ ते ३७ मिनिटांना दोन युनिट, ३८ ते ५२ ला तीन. समजा ९७११० या व्यायामाच्या कोडची वीस मिनिटं आणि ९७१४० या मॅन्युअल थेरपीच्या कोडची पंधरा, एकूण पस्तीस, आणि बिल गेलं तीन युनिटचं. चूक आहे, कबूल. पण चूक एका युनिटची आहे, रिव्ह्यूअरनं अख्खा क्लेम शून्य केला असेल तर दोन युनिट ग्राह्य धरा असं स्पष्ट मागा. अर्धवट मान्यता मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

दुसरं कारण, प्लॅन ऑफ केअरवर, म्हणजे उपचाराच्या आराखड्यावर, डॉक्टरची सही नाही. इथे सर्व्हिसची तारीख बघा. १ जानेवारी २०२५ पासून मेडिकेअरनं सवलत दिलीय, डॉक्टरची सही केलेली तारखेसकट रेफरल फाइलला असेल आणि तुम्ही प्लॅन तीस दिवसांत त्यांना पाठवल्याचा पुरावा असेल तर पहिल्या सर्टिफिकेशनला, म्हणजे डॉक्टरच्या मंजुरीला, प्लॅनवरची सही लागत नाही. फॅक्सची कन्फर्मेशन शीट हा पुरावा. त्याआधीच्या तारखांना ही सवलत नाही, पण उशिरा घेतलेलं सर्टिफिकेशन नियमात बसतं, डॉक्टरनं आजची तारीख घालून उशिराचं कारण लिहायचं. मागची तारीख घालायची नाही, हे मुद्दाम सांगतोय कारण बरेच डॉक्टर चांगुलपणानं 'कुठली तारीख टाकू' असं विचारतात. पीटीएच्या देखरेखीचंही तसंच, २०२५ पासून प्रायव्हेट प्रॅक्टिसमध्ये जनरल सुपरव्हिजन, म्हणजे जागेवर हजर न राहता देखरेख, चालतं, त्याआधी साधारणपणे तुम्ही जागेवर हजर पाहिजे होतात, त्यामुळे जुन्या तारखांना तुमचं शेड्यूल, गरज पडली तर क्लिनिकच्या अलार्मची नोंदसुद्धा, जपून ठेवा.

तिसरं कारण मला वैयक्तिक चीड आणणारं आहे, 'रुग्णात अपेक्षित सुधारणा दिसत नाही'. पार्किन्सन्सच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजोबांमध्ये कसली सुधारणा दिसणार, ते पडले नाहीत हीच सुधारणा. आणि हा निकष कायद्यात नाहीच. जिमो विरुद्ध सिबेलियस या खटल्यात व्हर्मॉंटच्या फेडरल कोर्टानं जानेवारी २०१३ मध्ये जी तडजोड मंजूर केली तिच्यात मेडिकेअरनं हे मान्य केलंय की कव्हरेज सुधारणेच्या शक्यतेवर अवलंबून नाही, कुशल थेरपिस्टच्या हातांची गरज आहे का यावर आहे, अवस्था टिकवण्यासाठी किंवा घसरण सावकाश व्हावी म्हणून दिलेली थेरपीही बसते. ते नाव अपिलात लिहा. पण नोट्समध्ये ती कुशलता दिसली पाहिजे, 'पेशंट टॉलरेटेड वेल' हेच वाक्य चाळीस व्हिजिट्सना कॉपी-पेस्ट असेल तर जिमोसुद्धा वाचवत नाही.

रिव्ह्यूअर एलसीडीचा हवाला देत असेल, म्हणजे मॅकच्या स्थानिक कव्हरेज धोरणाचा, तर लक्षात ठेवा की एएलजेवर ते बंधनकारक नाही, त्याला फक्त योग्य तो मान द्यायचा असतो. सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये अलायना हेल्थच्या खटल्यात सांगितलंय की पैसे देण्याचा मूळ निकष बदलायचा असेल तर मेडिकेअरला तो रीतसर जाहीर करून, लोकांच्या हरकती मागवूनच बदलावा लागेल. त्यामुळे 'मॅन्युअलमध्ये असं लिहिलंय' एवढ्यानं विषय संपत नाही. हे मुद्दे पहिल्या पायरीवर कोणी वाचणार नाही पण लिहून ठेवायचे, पुढे लागतात.

आता मैत्रिणीचा सल्ला. ईएमआरमध्ये प्रत्येक बदलाची वेळ, युजर आणि आधीचा मजकूर राहतो, तुम्हाला स्क्रीनवर दिसत नसला तरी. युपिककडे तुमच्या आधी पाठवलेल्या चार्टची कॉपी आहे. दोन्ही शेजारी ठेवली की जो विषय आजपर्यंत जास्तीच्या पेमेंटचा होता तो त्या मिनिटाला फौजदारी होतो. फेडरल एजन्सीच्या कामात अडथळा आणण्यासाठी रेकॉर्ड बदलणं, कलम १५१९, शिक्षा वीस वर्षांपर्यंत. दोन लाखांच्या मागणीसाठी कोणी एवढं करू नये. नोटमध्ये काही राहिलंच असेल तर त्यावर कायदेशीर रस्ता आहे, आजच्या तारखेचं, तुमच्या सहीचं वेगळं निवेदन, की त्या दिवशी काय केलं होतं आणि ते कशावरून आठवतं. त्याला वजन कमी मिळेल, पण ते खरं असेल. सही नसलेल्या किंवा न वाचता येणाऱ्या नोटला अटेस्टेशन स्टेटमेंट, म्हणजे ही नोट माझीच असं लिहून दिलेलं निवेदन, चालतं. एवढंच, बाकी नोट्सना हात लावू नका, स्टाफलाही तसं सांगा, आणि पुण्याच्या बिलिंग टीमचा ईएमआरमधला एडिट ॲक्सेस काढून घ्या, कोणीतरी मदत म्हणून काहीतरी 'करेक्ट' करून ठेवेल.

त्या कंपनीबद्दल तुम्ही विचारलंय की चूक त्यांची तर आम्ही का भरायचं. मेडिकेअरच्या लेखी क्लेम तुमच्या एनपीआयवरून, म्हणजे प्रोव्हायडर नंबरवरून, गेलाय, कोणी टाइप केला याच्याशी त्यांना घेणं नाही. कंपनीशी केलेल्या करारात नुकसानभरपाईचं कलम असेल तर तो तुमचा-त्यांचा वेगळा हिशेब. मला जास्त काळजी व्हॉट्सॲपवरच्या तुमच्या-त्यांच्या मेसेजेसची आहे. युपिक हा फ्रॉड बघणारा कॉन्ट्रॅक्टर आहे, त्याला वाटलं तर प्रकरण ओआयजीकडे म्हणजे आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकाकडे जातं, तिथून न्याय खात्याकडे, आणि मग फॉल्स क्लेम्स ॲक्ट हा सरकारला लावलेल्या खोट्या बिलांविरुद्धचा कायदा, म्हणजे नुकसानीच्या तिप्पट रक्कम अधिक प्रत्येक क्लेममागे दंड, २०२५ च्या आकड्यांनुसार किमान १४,३०८ डॉलर्स. साडेतीन हजार क्लेम्सना गुणून बघू नका, झोप उडेल. पण तो कायदा लागायला 'जाणूनबुजून' सिद्ध व्हावं लागतं, साधी चूक पुरत नाही, आणि हे तुमचं सगळ्यात मोठं संरक्षण आहे. सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये सुपरव्हॅल्यूच्या खटल्यात स्पष्ट केलं की त्या वेळी तुमच्या मनात खरोखर काय होतं ते बघायचं. मनात काय होतं हे कशावरून कळणार, तर मेसेजेसवरून. 'मॅडम नोटमध्ये दोनच युनिट दिसतायत' आणि त्यावर 'काही होत नाही, तीन टाक' असं कुठे असेल तर ते वकिलाला आधी कळू दे. आणि डिलीट करायचं नाही, डिलीट करणं हा परत तोच कलम १५१९ चा गुन्हा.

चार्ट्स आतून तपासायला कोडर किंवा कन्सल्टंट लावणार असाल तर तो तुम्ही नेमू नका, वकिलाला नेमू द्या. १९६१ च्या कोव्हेल खटल्यापासून हे चालत आलंय, वकिलाला सल्ला देता यावा म्हणून त्यानं नेमलेल्या तज्ज्ञाशी झालेलं बोलणं वकील-अशील गोपनीयतेत येतं, तुम्ही परस्पर नेमलेल्याचा रिपोर्ट येत नाही, तो समन्सनं बाहेर काढता येतो. मैत्रिणीशी झालेल्या गप्पा तर गोपनीयतेत नाहीतच नाहीत.

युपिकचे लोक न सांगता क्लिनिकमध्ये येऊ शकतात. त्यांना आत येऊ द्या, जागा बघू द्या, मागितलेले रेकॉर्ड द्या, नकार दिला तर मेडिकेअरची नोंदणीच जाऊ शकते. एचआयपीएएची, म्हणजे पेशंटच्या गोपनीयतेच्या कायद्याची, आडकाठी घालू नका, अशा तपासणीला पेशंटची परवानगी लागत नाही. पण रेकॉर्ड देणं वेगळं आणि मुलाखत देणं वेगळं. ओळखपत्र बघा, नावं लिहून घ्या, वकिलाला फोन लावा आणि नम्रपणे सांगा की प्रश्नांची उत्तरं वकिलांसमोर देईन. स्टाफला सांगायचं की बोलायचं की नाही हा तुमचा निर्णय आहे, वकील हवा तर आम्ही देतो, आणि बोललात तर खरं बोला. 'त्यांच्याशी बोलायचं नाही' असं मात्र सांगायचं नाही, तो अडथळा ठरतो. आणि तुमच्या स्टाफमधल्या ज्या मुलीनं मागे युनिट्सबद्दल कुरकुर केली होती तिच्यावर आता राग काढू नका. फॉल्स क्लेम्स ॲक्टमध्ये अशा कर्मचाऱ्याला संरक्षण आहे, काढून टाकलंत तर दुप्पट पगार आणि नुकसानभरपाई, वर ती स्वतः सरकारच्या वतीनं दावा लावू शकते आणि वसुलीत तिचा वाटा असतो.

तिसरी पायरी एएलजे. इथे पहिल्यांदा एखादा माणूस तुमचं ऐकून घेतो, फोनवर किंवा व्हिडिओवर, आणि सगळं नव्यानं बघतो, त्यामुळे चांगली तयारी असेल तर इथे निकाल फिरतात. अर्जाला साठ दिवस, निकाल कायद्यानं नव्वद दिवसांत. हे नव्वद दिवस एक काळ चेष्टेचा विषय होता, नोव्हेंबर २०१८ मध्ये सव्वाचार लाखांच्या वर अपिलं तुंबलेली होती आणि अमेरिकन हॉस्पिटल असोसिएशनच्या खटल्यात वॉशिंग्टनच्या फेडरल कोर्टाला आरोग्य खात्याला तारखा बांधून द्याव्या लागल्या, २०२२ पर्यंत ढीग संपवा म्हणून. तेव्हा टेक्सासच्या फॅमिली रिहॅबिलिटेशन नावाच्या होम हेल्थ कंपनीवर पंच्याहत्तर लाख डॉलर्सच्या वर वसुली निघाली होती, सुनावणीला काही वर्षं लागणार होती आणि तोवर कंपनी बुडाली असती. पाचव्या सर्किटनं, म्हणजे टेक्सासच्या भागाच्या फेडरल अपील कोर्टानं, मार्च २०१८ मध्ये म्हटलं की वसुली तात्पुरती थांबवा एवढंच मागणं असेल तर कोर्ट ऐकू शकतं, आणि खालच्या कोर्टानं वसुली थांबवली. इंटरनेटवर हा निकाल सगळीकडे मिळेल, तो वाचून हुरळू नका. त्याच सर्किटनं २०२० मध्ये सहारा हेल्थ केअरच्या बाबतीत उलटं सांगितलं, की उशीर होत असेल तर पायरी ओलांडून वर जायची सोय कायद्यात आहे, ती वापरली नाहीत तर ड्यू प्रोसेस, म्हणजे न्याय्य प्रक्रियेचा हक्क, मोडला असं म्हणता येणार नाही. आणि न्यू जर्सी तिसऱ्या सर्किटमध्ये, तिथे हे दोन्ही निकाल बांधील नाहीत. आता तुंबलेलं बरंच मोकळं झालंय, त्यामुळे कोर्टाकडून मनाई मिळवायचा रस्ता आणखी अवघड. एएलजेच्या वर अपील्स काउन्सिल आणि त्याच्यावर फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्ट, तुमच्या रकमेला तिथपर्यंत जायचा हक्क आहे पण खर्चाचं गणित तेव्हाच मांडू.

पेमेंट सस्पेन्शनचं पत्र आलं तर तो वेगळा प्रकार, फ्रॉडचा विश्वासार्ह आरोप आहे एवढ्यावर ते सगळी पेमेंट्स रोखू शकतात, सुरुवातीला १८० दिवस, आणि त्याला अपील नाही, फक्त पंधरा दिवसांत रिबटल. तसं काही आलं तर वकिलाला त्याच दिवशी.

मुदतीचं एक संरक्षण तुमच्या कामाचं असू शकतं. साधारणपणे सबळ कारण दाखवून चार वर्षांपर्यंतचे क्लेम्स मेडिकेअरला परत उघडता येतात, फ्रॉड असेल तर कधीही. 'सबळ कारण होतं का' हे मात्र अपिलात तपासत नाहीत, त्यामुळे त्या मुद्द्यावर वेळ घालवू नका. पाच कॅलेंडर वर्षांच्या पलीकडची पेमेंट्स असतील तर तुमचा दोष नव्हता असंच कायदा आधी गृहीत धरतो, तो मुद्दा लिहा. आणि मेडिकल नेसेसिटीवर, म्हणजे उपचार गरजेचा नव्हता म्हणून, नाकारलेल्या क्लेम्सना 'हे कव्हर होणार नाही हे आम्हाला माहीत असण्याचं कारण नव्हतं' ही कलम १८७९ ची मागणी जोडा, क्वचित चालते पण फुकट आहे.

आणि साठ दिवसांचा नियम, हा विसरला जातो. जास्तीचं पेमेंट झालंय हे तुम्हाला कळलं की साठ दिवसांत परत करायचं, सहा वर्षं मागे जाऊन. तीन युनिटची ती चूक ऑडिटच्या बाहेरच्या वर्षांतही असेल तर ते आता तुमच्या कानावर आलंय. २०२५ पासूनच्या नियमात तपासणीसाठी १८० दिवसांपर्यंत घड्याळ थांबवता येतं, आणि मूळ निष्कर्षावरच अपील चालू असेल तर बाकी वर्षं खणायला घेणं अकाली आहे असं म्हणायला मेडिकेअरनंच २०१६ मध्ये जागा ठेवलीय. पण हा निर्णय वकिलासोबत बसून, कारणं लिहून करायचा, मनातल्या मनात नाही.

खाजगी इन्शुरन्सवाल्यांचं थोडक्यात, कारण मेडिकेअरच्या मागोमाग तेही येतात. तिथे हा सगळा जिना नाही, तुमचा करार आणि राज्याचा कायदा. न्यू जर्सीत पेमेंटपासून अठरा महिन्यांनंतर पैसे परत मागता येत नाहीत, फ्रॉडसारखे अपवाद सोडून, न्यूयॉर्कमध्ये चोवीस महिने, टेक्सासमध्ये १८० दिवस. पण पेशंटचा प्लॅन त्याच्या कंपनीनं स्वतःच्या पैशानं चालवलेला असेल तर राज्याचा कायदा बहुधा लागू होत नाही, एरिसा हा कंपन्यांच्या लाभ योजनांचा फेडरल कायदा लागतो, म्हणून पत्र आलं की आधी प्लॅन कुठला ते विचारा.

वकिलाच्या फीची धास्ती असेल तर मालप्रॅक्टिस पॉलिसी काढून बघा. बऱ्याच पॉलिसींत बिलिंग एरर्स किंवा रेग्युलेटरी डिफेन्स असं छोटं कव्हर असतं आणि ते कोणाला आठवत नाही. त्यात अट असते की नोटीस मिळाल्यावर पॉलिसीच्या मुदतीतच कळवायचं, आणि युपिकनं चार्ट मागवले तीच पहिली नोटीस धरली जाऊ शकते, म्हणजे आधीच उशीर झालेला असेल. ब्रोकरला फोन करू नका, इन्शुररला ईमेलनं लेखी कळवा, डिमांड लेटर आणि चार्ट मागवल्याचं जुनं पत्र दोन्ही जोडा, आणि त्यांनी होकार द्यायच्या आधी ठरवलेल्या वकिलाची फी ते देतील का हेही त्याच ईमेलमध्ये विचारा.